वांटणींत न येणारी गोधडी

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील बाविसावा श्लोक ज्या घरांत ठाऊक नाहीं असें सुशिक्षित घर महाराष्ट्रांत विरळाच. मनुष्य जीर्ण वस्त्र टाकून नवें घेतो, त्याप्रमाणें आत्मा जीर्ण देह सोडून नवा धारण करतो, असा त्याचा आशय. आमच्या घरांतील वडील स्त्रियांना तो अध्याय मुखोद्गत होता. दिवेलागणीस त्या तो म्हणत. परंतु त्यांतील आत्म्याचा भाग त्यांना जितका मान्य होता तितका वस्त्राचा भाग मान्य नसावा, असें त्यांच्या वर्तनावरून दिसे. जीर्ण वस्त्र त्यांनीं टाकल्याचें आम्ही कधींच पाहिलें नाहीं. लुगडें विरलें कीं तें धुऊन, वाळवून, घडी करून माळ्यावरील गांठोड्यांत जाई, आणि दोन-तीन वर्षांनीं तेंच गोधडी होऊन आमच्या अंगावर येई. भगवंतांच्या दृष्टांतास इतक्या नम्रपणें आणि इतक्या चिकाटीनें दिलेलें उत्तर दुसरें आमच्या पाहण्यांत नाहीं.

गेल्या महिन्यांत या सदरांत आम्ही माजघरांतील समया-निरांजनांविषयीं लिहिलें होतें. तें वाचून एका वाचक भगिनीनें विचारलें कीं, ज्या दिव्यांविषयीं आपण लिहिलें त्यांच्या उजेडांत जीं पांघरुणें शिवलीं गेलीं, त्यांच्याविषयीं दोन शब्द कां लिहीत नाहीं? प्रश्न रास्त आहे. शिवाय आमच्या पाचोडास सध्यां थंडी पडूं लागली आहे, पहाटे मोसंबीच्या बागांवर धुकें उतरतें, आणि अशा दिवसांत गोधडीचा विषय काढण्यास वेगळें निमित्त लागत नाहीं.

प्रथम नांवांचा उलगडा करूं. कापूस भरून केलेला तो लेप किंवा रजई; तिला पिंजारी लागतो. कापसावांचून, जुन्या कापडाचे थरावर थर ठेवून जी शिवतात ती गोधडी. तीच जाड व भरड असली म्हणजे कित्येक ठिकाणीं तिला वाकळ म्हणतात. चार पदरांची ती चौघडी, आणि बाळंतिणीच्या खोलींत दोरीवर वाळत असतें तें इवलेंसें दुपटें. कर्नाटकांत तिलाच कौदी म्हणतात. संस्कृतांत तिचें नांव कंथा. भर्तृहरीनें नीतिशतकांत मनस्वी व कार्यार्थी पुरुषाचें वर्णन करतांना, तो कधीं कंथा पांघरतो तर कधीं दिव्य वस्त्र, पण दोहोंचें सुखदुःख मानीत नाहीं, असें म्हटलें आहे. नाथपंथी योग्यांच्या वेषांतही कंथा आहेच. शाळेंत असतांना आम्ही मुलांना गंमतीनें सांगत असूं कीं, कंथेवरचा अनुस्वार काढला म्हणजे कथा उरते. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें याला कांहींएक आधार नाहीं. परंतु ज्यानें लहानपणीं गोधडी पांघरली आहे त्याला हा विनोद पटल्यावांचून राहत नाहीं.

आतां कृति. वरच्या व खालच्या अंगास नऊवारी लुगड्याचे तुकडे, आणि आंत धोतरांचे, पंचांचे, फाटक्या चादरींचे थर. सारें कापड सुती हवें आणि वापरून जुनें झालेलें हवें. नव्या कापडांत खळ असते. तें पहिल्या धुण्यांत आटतें, शेजारचें जुनें आटत नाहीं, आणि मग गोधडीस सुरकुत्या पडतात. शेंकडों वेळां धुतलेलें कापड मऊ पडलेलें असतें, तें अंगाला टोंचत नाहीं आणि सुईलाही अडवीत नाहीं. स्वच्छ जमिनीवर थर ताणून पसरावयाचे, कडांना लांब कच्चे टांके घालावयाचे, आणि मग जाड सुती दोऱ्यानें धांवदोरा घालीत कडेपासून मध्याकडे जावयाचें. शिवणारी गोधडीवरच बसते. तिच्या वजनानें कापडाचा ताण राहतो. पुष्कळांस वाटतें कीं ऊब कापडाची असते. वस्तुतः ती थरांच्या मध्यें अडकलेल्या हवेची असते. टांका थरांना सरकूं देत नाहीं, आणि टांक्याटांक्यांमधील बारीकशा फुगवट्यांत ती हवा टिकून राहते. शिवाय रजई धुतां येत नाहीं, गोधडी मात्र घरच्या घरीं धुतां येते. नवरात्र बसण्यापूर्वीं घरांतील एकूणएक अंथरुणें-पांघरुणें धुण्याची आपल्याकडील जी चाल, ती गोधडी धुण्याजोगी आहे म्हणूनच चालूं शकली. त्या दिवसांत खेडोपाडीं नदीकांठचे खडक व झुडपें गोधड्यांनीं झांकून गेलेलीं आजही दिसतात.

आम्ही पडलों शाळामास्तर; हिशेब केल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. एकदां आमचें कुटुंब गोधडी शिवीत असतां आम्ही पट्टी घेऊन मोजमाप केलें. लांबी सहा फूट, रुंदी चार फूट. धांवदोऱ्याच्या दोन ओळींत अंतर अर्धा इंच. म्हणजे रुंदींत ९६ ओळी. इंचाला दोन टांके. म्हणजे एका ओळींत १४४. गुणाकार १३,८२४. (गणिताची आवड असणाऱ्या वाचकांच्या लक्षांत येईल कीं हा बरोबर चोविसाचा घन आहे.) मिनिटास दहा टांके धरले तर तेवीस तासांचें काम, आणि दुपारचा एक तास सांपडतो असें धरलें तर तेवीस दुपारी. दोऱ्याची सरळ रेघ मांडली तर १९२ वार भरते. हें सारें गणित आम्ही मोठ्या उत्साहानें सांगितलें, तेव्हां उत्तर मिळालें, "मोजलेंत तें बरें केलेंत. आतां ही सुई ओंवून द्या." निवृत्तीनंतर या घरांत आमच्याकडे जें कायमचें खातें आलें आहे तें हेंच.

या तेवीस दुपारींत जें सुख आहे तें बोलून दाखविण्याजोगें नाहीं, म्हणूनच कदाचित् त्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. जेवणें उरकलेलीं असतात, भांडीं पालथीं पडलेलीं असतात, मुलें शाळेंत किंवा निजलेलीं. शेजारची एखादी येऊन गोधडीची दुसरी कड धरते. हात गुंतलेले, तोंड मोकळें, आणि मन अर्धें इथें व अर्धें माहेरीं. या कामांत घाई करून कांहीं साधत नाहीं, आणि थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं. दूध उतूं जाऊं लागलें तर सुई तेथेंच टोंचून उठावें. परत आल्यावर ती तेथेंच असते. घरांतील बाकीचीं सारीं कामें रोज करावीं व रोज पुसलीं जावीं अशीं: स्वयंपाक केला, संपला; केर काढला, पुन्हां जमला. गोधडीची ओळ मात्र आज घातली ती उद्यां तेथेंच दिसते. दिवसभर राबणाऱ्या बाईला आपलें काम वाढत गेलेलें पाहण्याचें हें एकच ठिकाण असावें, असें आम्हांस पुष्कळ वेळां वाटलें आहे.

आणि शिवून झालेली गोधडी ही वाचण्याची वस्तु आहे. आमच्या घरच्या एका गोधडीच्या मधोमध नारायणपेठी लुगड्याचा लाल कांठ आहे, तो आमच्या मातोश्रींच्या लुगड्याचा. त्याच्या शेजारचा काळा तुकडा पहिल्या संक्रांतीच्या चंद्रकळेचा. कोपऱ्यांत खणाचें त्रिकोणी ठिगळ आहे तें डोहाळजेवणाच्या चोळीचें, आणि त्याला लागून मुलाच्या शाळेच्या शर्टाची खाकी पट्टी. मुलें गोधडींत शिरलीं कीं बोट ठेवून विचारीत, "हें कोणाचें?" आणि उत्तर मिळे तें सनावळीनें कधींच नव्हे. "तुझ्या आत्याच्या लग्नांतलें," "बहात्तरच्या दुष्काळांत हें एकच धड लुगडें उरलें होतें तें," अशा भाषेंत घराचा इतिहास सांगितला जाई. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यांत ज्यांनीं काढला त्यांना, धड लुगडें एकच उरणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. आम्ही वर्गांत इतिहास शिकविला. परंतु फळ्यावर लिहिलेलें दुसऱ्या तासाला पुसलें जाई, आणि गोधडीवरचें पोरांना जन्मभर आठवत राही.

पैठण हें आमच्या तालुक्याचें ठिकाण, त्यामुळें पैठणीचा विषय निघाल्यावांचून आमच्याकडे कापडाची गोष्ट पुरी होत नाहीं. पैठणीचें कौतुक आम्हांसही आहे. रेशीम आणि जर यांतून मोर विणून काढणारे हात धन्य आहेत. परंतु पैठणी पेटींत राहते व वर्षांतून दोनदां बाहेर येते; गोधडी रोज रात्रीं अंगावर येते. पैठणीला किंमत आहे, कारण ती विकत मिळते. गोधडी विकत घेतां येत नव्हती, म्हणून तिला किंमत नाहीं असा आपण सोयीस्कर समज करून घेतला. विणकराचें नांव निदान त्याच्या पेठेंत तरी लोकांस ठाऊक असतें. १३,८२४ टांके घालणारीचें नांव दोन पिढ्यांनंतर घरांतही कोणाला आठवत नाहीं.

ज्यांच्याजवळ पैठणी नाहीं आणि पेटीही नाहीं, त्यांना गोधडीची खरी किंमत ठाऊक असते. आमच्या भागांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचीं कुटुंबें पश्चिमेकडील साखर-कारखान्यांकडे निघतात. गाडींत चार भांडीं, दोन कोयते, एखादी शेळी आणि गोधड्यांची वळकटी. पांच-सहा महिने उघड्या रानांत कोपीमध्यें राहावयाचें. तेथें भिंतीचें काम व दाराचें काम ती वळकटीच करते. गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचें पांघरूण घेऊन गांवोगांव हिंडले, आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणूं लागले. अंगावर जें होतें तें बहुतेकांच्या घरांतलेंच होतें, म्हणून त्यांचें बोलणें घरच्या माणसाचें वाटलें, असा त्याचा अर्थ आम्ही लावतों.

चिंध्या जोडून पांघरूण करणें हें कांहीं आपल्याच मुलखाचें वैशिष्ट्य नव्हे. आमच्या जिल्ह्यांत अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथें राहून गेलेल्या भिक्षूंचें चीवर हेंही तुकडे जोडून शिवलेलें वस्त्र होतें. विनयपिटकांतील महावग्गांत अशी कथा आहे कीं, मगध देशांतून जात असतां बांधांनीं विभागलेलीं भातशेतें बुद्धांनीं पाहिलीं, आणि तशाच तुकड्यांचें चीवर करतां येईल काय असें आनंदास विचारलें. आनंदानें तें तसें करवून दाखविलें. बंगालमध्यें जुन्या साड्यांच्या थरांवर चित्रें काढून शिवलेली ती नक्षी कांथा. तिच्यावरून जसीमुद्दीन यांनीं १९२९ सालीं एक दीर्घ काव्य लिहिलें व तें तिकडे घरोघर झालें. आणि सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंत अलाबामा प्रांतांत, गीज बेंड म्हणून एका नदीच्या वळणांत वसलेली वस्ती आहे. एके काळीं गुलाम असलेल्या लोकांची ती वंशजें. तेथील मिसूरी पेटवे या स्त्रीचा पति वारला, तेव्हां १९४२ सालीं तिनें त्याचे शेतांत घालावयाचे जुने कपडे उसवून त्यांची गोधडी शिवली, तीं वस्त्रें पांघरून त्याच्या आठवणींत झोंपतां यावें म्हणून. त्या वस्तींतील गोधड्यांचें २००२ सालीं ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयांत व पुढें न्यूयॉर्क येथें प्रदर्शन भरलें, आणि मोठमोठे कलापंडित त्यांच्यापुढें उभे राहिले. आम्हांस त्या पंडितांच्या कौतुकापेक्षां मिसूरीबाईंची गोष्ट अधिक जवळची वाटते. मेलेल्या माणसाचे कपडे टाकवत नाहींत, आणि तसेच ठेवून बघवतही नाहींत. त्यांचें काय करावें या प्रश्नाचें उत्तर अलाबामांतल्या बाईनें आणि पाचोडच्या बाईनें एकमेकींस न विचारतां एकच काढलें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळूं. आमच्या पंचक्रोशींतील एका घरीं कांहीं वर्षांपूर्वीं वांटणी झाली. तिघे भाऊ व एक बहीण. थोरला शेतीवर, मधला वाळूजच्या कारखान्यांत, धाकटा पुण्यास. बहीण जालन्यास दिलेली. वडील आधींच गेलेले, आईस जाऊन वर्ष झालेलें. चौघांनाही आम्ही शिकविलेलें, म्हणून साक्षीला बोलावणें आलें. जमीन, बाग, भांडींकुंडीं हें सारें दोन दिवसांत उरकलें, जरी एका बांधावरून शब्दाला शब्द लागलाच. विहीर एक, तिचे तीन भाग होईनात. तेव्हां पाण्याच्या पाळ्या ठरल्या. मग बहिणीपुढें हक्कसोडपत्र आलें. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि केंद्र सरकारनें २००५ सालीं कायदा करून वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाबरोबर जन्मतः हक्क दिला आहे. तथापि माहेरची वाट बंद होऊं नये म्हणून आमच्या भागांतील बहुतेक बहिणी अजून सही करून मोकळ्या होतात. ही रीत न्यायाची नव्हे, असें आम्ही त्या बैठकींत बोलूनही दाखविलें. "राहूं द्या, गुरुजी," असें म्हणून तिनें सही केली. मग ती थोरल्या भावास म्हणाली, "दादा, मला जमीन नको, भांडें नको. आईची गोधडी तेवढी द्या."

जमिनीवरील हक्क ती सोडीत असतां तिला दुसऱ्यांदां कोणी विचारलें नव्हतें. गोधडीचें नांव निघतांच सारें घर बोलूं लागलें. थोरली सून म्हणाली, "वन्सं, दुसरें काय हवें तें मागा. सासूबाईंचे डोळे गेले तेव्हां ती अर्धीच झाली होती. राहिलेली मीं शिवली आहे." मधला म्हणाला, "वरून आईचीं लुगडीं दिसतात, पण आंत बाबांचीं धोतरें आहेत." धाकटा कांहींच बोलला नाहीं. लहानपणीं तो विषमज्वरानें सव्वा महिना त्याच गोधडींत पडून होता, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

आम्हांस त्या वेळीं धर्मशास्त्र आठवलें. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत वांटणींत न येणाऱ्या वस्तूंची यादी आहे. तींत वस्त्र आहे, शिजलेलें अन्न आहे आणि पाणीही आहे. विज्ञानेश्वरांनीं मिताक्षरेंत त्याचा खुलासा केला आहे कीं, वापरांतलें वस्त्र ज्याचें त्याचेंच, आणि वडिलांचीं वस्त्रें व शय्या त्यांच्या श्राद्धास जेवणाऱ्यास द्यावी. विहिरीसारखें पाणी तोडून न वांटतां पाळीनें वापरावें. हे विज्ञानेश्वर कांहीं दूरचे नव्हेत. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या कल्याणी नगरींत त्यांनीं हा ग्रंथ लिहिला. तें कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण, जें १९४८ पर्यंत आमच्यासारखेंच निजामाच्या राज्यांत होतें. परंतु एवढ्या मोठ्या पंडितालाही या गोधडीनें पेंचांत टाकलें असतें. वरचें लुगडें आईचें, म्हणजे स्त्रीधन. मिताक्षरेप्रमाणें तें मुलीकडे जावें. आंतलें धोतर वडिलांचें. तें श्राद्धास जेवणाऱ्याकडे जावें. दोरा घरच्या सामाईक पैशाचा. आणि टांके? अर्धे सासूचे, अर्धे सुनेचे. श्रमाला वारस कोण, याचा विचार शास्त्रकारांनीं गोधडीपुरता केलेला नाहीं. प्रत्येकाचें प्रत्येकास द्यावयाचें म्हटलें तर सारी गोधडी उसवावी लागेल, आणि उसवल्यावर वांटण्याजोगें कांहीं उरणारच नाहीं. कागदावर अनेक घरें एकत्र असतात. टांक्यांनीं एकत्र असलेली वस्तु त्या घरांत ही एकच होती.

शास्त्रार्थ आमच्या तोंडाशीं आला होता, तेवढ्यांत बहिणच म्हणाली, "विहिरीची पाळी लावलीत ना? मग हिचीही लावा. चार घरें, चार वर्षें." विज्ञानेश्वरांचें नांवही तिनें ऐकलेलें नसेल, परंतु निवाडा त्यांच्याच धर्तीचा होता, आणि त्यांत एक गोष्ट अधिक होती. जमिनीच्या वांटणींत घरें तीन होतीं. गोधडीच्या वांटणींत तीं चार झालीं.

त्या दिवसापासून दर भाऊबीजेस ती गोधडी एका घरून दुसऱ्या घरीं जाते. पुण्याच्या पाळींत ती धुण्याच्या यंत्रांत गेली व मधोमध फाटली. कोणी कोणास बोल लावला नाहीं. तें यंत्र जुन्या कापडासाठीं केलेलेंच नव्हे. पुढच्या मे महिन्यांत चौघीजणी पाचोडास जमल्या. फाटकी गोधडी टाकावयाची नसते. ती नव्या गोधडीच्या पोटांत घालतात. चौघींनीं आपापल्या घरचें एकेक जुनें सुती वस्त्र आणलें होतें. धाकटीनें आयुष्यांत प्रथमच ती मोठी सुई हातीं धरली. तिच्या ओळी वांकड्या गेल्या. ती त्या उसवूं लागली, तेव्हां थोरलीनें तिचा हात धरला व म्हणाली, "असूं द्या त्या. पुढें पोरांनीं विचारलें तर तुमच्या म्हणून सांगतां येतील." त्या पंधरवड्यांत आम्ही दोनदां त्या ओटीवरून गेलों. आंतून बोलण्याचा आवाज येत होता आणि मधूनच कोणी तरी हंसत होतें.

गोधडीनें घर सांधलें असें आम्ही म्हणणार नाहीं. बांधाचा तंटा अद्याप मिटलेला नाहीं, आणि भावांचें बोलणें बेताचेंच आहे. परंतु वर्षांतून एकदां एका घरचें माणूस दुसऱ्या घरचा उंबरठा ओलांडतें, आणि त्याच्या हातांत कागद नसतो. ज्यांनीं वांटण्या पाहिल्या आहेत त्यांना हें थोडें वाटणार नाहीं.

आतां वाचकांस दोन शब्द. गोधडी यापुढें कठीण होत जाणार, कारण तिचें कापडच घरांतून निघून चाललें आहे. नऊवारी सुती लुगडें रोज नेसणारी पिढी मावळत आली. कृत्रिम धाग्याची साडी विरत नाहीं, मऊ पडत नाहीं, घाम टिपीत नाहीं. तिच्या थरांवर टांका धरत नाहीं. बाजारांत यंत्रावर शिवलेल्या सुबक गोधड्या मिळतात. त्या अवश्य घ्याव्या, थंडीस त्या पुरतात आणि शिवणारीस चार पैसे मिळतात. परंतु त्यांतील एकाही तुकड्यावर बोट ठेवून "हें कोणाचें?" असें विचारतां येत नाहीं. म्हणून आपल्या घरांत सुती साड्या, धोतरें, लहान मुलांचीं झबलीं असतील तीं भांडीं घेण्यासाठीं बोहारणीस देण्यापूर्वीं त्यांतील चार-दोन बाजूस ठेवावीं. मोठी गोधडी जमत नसेल तर दुपट्यानें आरंभ करावा. तें आठ दिवसांत होतें, आणि घरांत येणाऱ्या नव्या जीवाला पहिलें पांघरूण आजी-पणजीच्या लुगड्याचें मिळतें. कोपऱ्यांत दोऱ्यानें शिवणारीचें नांव आणि साल घालावें. आपल्या आज्यांनीं तें घातलें नाहीं, कारण तें कोणी वाचील असें त्यांना वाटलें नव्हतें.

आणि याहून तांतडीची गोष्ट एक आहे. आपल्या घरांत जी जुनी गोधडी असेल ती या आठवड्यांत बाहेर काढावी, उन्हें दाखवावीं, आणि घरांतील सर्वांत वडील स्त्रीजवळ बसून प्रत्येक तुकडा कोणाचा तें विचारून घ्यावें. नातवानें वहींत लिहून घेतलें तर उत्तमच. अक्षर कसेंही असो. ही लिपि वाचतां येणारी माणसें घरोघरीं एक-दोनच उरलीं आहेत, आणि तींही आतां दुपारीं लवकर थकतात. थंडी अजून दोन महिने आहे.